पाण्याचे अनुमापन : कार्ल फिशर पद्धती आणि वऱ्हाडातील शेतमालाचा ओलावा

बीजसंज्ञा : अनुमापन, आर्द्रता, कार्ल फिशर अभिकारक, सोयाबीन, कापूस, ओलावामापक

प्रास्ताविक

दसऱ्याच्या आगेमागे बडनेऱ्याच्या बाजूने अमरावती शहरात शिरणारी सोयाबीनची वाहने राजापेठेतून पुढे बाजाराकडे जाताना दिसतात. या मालाचा भाव ठरविताना दाण्याचा आकार, रंग, डागी दाण्यांचे आणि माती-कचऱ्याचे प्रमाण या गोष्टी विकणाऱ्याला व घेणाऱ्याला सारख्याच दिसतात. ओलावा मात्र दोघांनाही दिसत नाही. पूर्वी दाणा दाताखाली फोडून त्याचा अंदाज घेतला जाई. आता हातात मावेल एवढे यंत्र एक आकडा दाखविते आणि तो आकडा व्यवहाराचा आधार बनतो. हमीभावाने होणाऱ्या सोयाबीन खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे. २०२४ च्या खरीप हंगामात केंद्र शासनाने ती एकवेळची सवलत म्हणून १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. कापसाच्या बाबतीत भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत वाढत्या ओलाव्याच्या प्रमाणात भावात कपात आणि १२ टक्क्यांच्या पुढे खरेदी नाही, असा नियम आहे.

यंत्राने दाखविलेला हा आकडा नेमके काय मोजतो आणि तो खरा की खोटा हे कशावरून ठरवावयाचे, हा प्रश्न रसायनशास्त्राचा आहे. पाण्याशी आणि जवळजवळ केवळ पाण्याशीच होणाऱ्या एका अभिक्रियेवर आधारलेले अनुमापन गेली नऊ दशके या प्रश्नाचे उत्तर देत आले आहे. त्याची कार्यपद्धती, तिची बलस्थाने आणि वऱ्हाडातील मालाच्या संदर्भात तिच्या मर्यादा यांचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

एका टक्क्याची किंमत

ओलाव्याची टक्केवारी सामान्यतः ओल्या वजनावर काढली जाते. १०० किलो सोयाबीनमध्ये १५ टक्के पाणी असेल तर कोरडा भाग ८५ किलो. हाच माल १२ टक्क्यांपर्यंत वाळविल्यास त्याचे वजन ८५ भागिले ०.८८, म्हणजे ९६.५९ किलो भरते. घट ३ किलो नसून ३.४१ किलो आहे. केवळ टक्क्यांची वजाबाकी करून घट काढणाऱ्याचा हिशेब येथे थोडा चुकतो, हे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दाखवून देण्यासारखे उदाहरण आहे.

आता मापनातील चुकीचा विचार करू. माल प्रत्यक्षात १२ टक्क्यांचा आहे, पण यंत्राने १३ टक्के दाखविले, आणि त्यानुसार वजनात घट धरली, तर क्विंटलमागे १.१४ किलो माल हिशेबातून जातो. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये या हमीभावाने ही रक्कम सुमारे ६० रुपये होते. वीस क्विंटलांच्या एका ट्रॉलीमागे सुमारे १,२०० रुपये. उलट दिशेने झालेली चूक घेणाऱ्याला तेवढीच महाग पडते, शिवाय गोदामात ओला माल तापण्याचा आणि बुरशी लागण्याचा धोका वेगळा. मर्यादेच्या काठावर असलेल्या मालाच्या बाबतीत तर एका टक्क्याची चूक भावातील कपातीपुरती राहत नाही. माल स्वीकारला जाणार की परत न्यावा लागणार, हे तिच्यावर ठरते. हमीभावाच्या केंद्रावर माल नाकारला गेला की शेतकऱ्यापुढे खुल्या बाजाराचा रस्ता उरतो, आणि तेथील भाव बहुधा हमीभावाच्या खाली असतो.

कापसाच्या व्यवहारात आणखी एक गुंता आहे. वस्त्रोद्योगात ओलावा कोरड्या वजनावर काढण्याची प्रथा असून कापसाच्या धाग्यासाठी ८.५ टक्के हा मान्य आकडा आहे. १०० किलो पूर्ण कोरड्या धाग्यासोबत ८.५ किलो पाणी, असा त्याचा अर्थ. ओल्या वजनावर हेच प्रमाण ७.८३ टक्के होते. खरेदीतील ८ टक्क्यांची मर्यादा ओल्या वजनावरची असून ती सरकीसह कापसासाठी आहे, तर ८.५ टक्के हा आकडा केवळ धाग्यासाठी. ओल्या वजनावरील १२ टक्के कोरड्या वजनावर १३.६ टक्के होतात. कोणता आधार घेतला आहे हे न सांगता ओलाव्याचा आकडा सांगणे म्हणजे एकक न सांगता अंतर सांगण्यासारखे आहे. तरीही असे आकडे छापील पत्रकांतूनही सर्रास आढळतात.

यंत्र काय मोजते, भट्टी काय मोजते

बाजारातील ओलावामापक पाणी मोजत नाही. तो दाण्यांच्या थराची विद्युत धारकता किंवा विद्युत रोध मोजतो. पाण्याचा पराविद्युत स्थिरांक सुमारे ८० आहे, कोरड्या दाण्यातील पदार्थांचा त्याच्या तुलनेत फारच कमी. त्यामुळे पाणी वाढले की धारकता वाढते आणि यंत्रात भरून ठेवलेल्या कोष्टकावरून ती टक्केवारीत बदलली जाते. मात्र धारकता दाण्याच्या तापमानावर, दाणे किती दाबून भरले आहेत यावर, वाणावर आणि मालातील कचऱ्यावरही अवलंबून असते. कापसासाठी वापरल्या जाणाऱ्या सुयांच्या मापकात विद्युत वहन मोजले जाते. पहाटेच्या दवात वेचलेल्या कापसावर पाण्याचा पातळ थर असेल तर वहन एकदम वाढते आणि एकूण पाणी तितके नसतानाही आकडा चढतो. दुपारी तोच ढीग वेगळा आकडा दाखवितो. याचा अर्थ यंत्र निरुपयोगी आहे असा नव्हे. काही सेकंदांत उत्तर देणारे दुसरे साधन बाजारात नाही. परंतु त्यातील कोष्टक दुसऱ्या एखाद्या पद्धतीवरून तपासून घेतलेले असले पाहिजे. आंतरराष्ट्रीय वैध मापन संघटनेची आर ५९ ही शिफारस धान्य व तेलबियांच्या ओलावामापकांविषयीच आहे.

ही दुसरी पद्धत म्हणजे बहुधा भट्टी. सोयाबीनचे न दळलेले दाणे १०३ अंश सेल्सिअसला ७२ तास ठेवून वजनातील घट पाहणे ही प्रचलित प्रमाण पद्धत आहे. कापसासाठी साधारण १०५ अंशांची भट्टी वापरतात. पद्धत सोपी, स्वस्त आणि कोणत्याही महाविद्यालयात करता येण्याजोगी आहे. तिची अडचण अशी की वजनात झालेली घट म्हणजे पाणीच, असे ती गृहीत धरते. उष्णतेने अन्य बाष्पनशील द्रव्येही निघून जातात. साखर आणि अमिनो आम्ले यांच्या तपकिरी रंग देणाऱ्या अभिक्रियेत नवे पाणी तयार होते. सोयाबीनमध्ये सुमारे २० टक्के तेल असते, आणि त्यातील असंतृप्त मेदाम्ले हवेतील ऑक्सिजन घेऊन वजनात भर घालतात. घट वाढविणाऱ्या आणि कमी करणाऱ्या अशा चुका एकमेकींना कापतात म्हणून उत्तर बहुधा बरे येते. हे समाधान मात्र तर्कशुद्ध नाही.

संत्र्याच्या सालीच्या भुकटीत ही त्रुटी ठळकपणे दिसते. सालीतील लिमोनिन हे बाष्पनशील तेल भट्टीत पाण्यासोबत निघून जाते आणि पाणी म्हणून मोजले जाते. मसाल्यांच्या पदार्थांसाठी टोल्यूइनसोबत ऊर्ध्वपातन करून पाण्याचे आकारमान मोजण्याची पद्धत याच कारणाने रूढ झाली. तेल टोल्यूइनमध्ये विरघळून जाते, पाणी वेगळा थर करून खाली बसते.

कार्ल फिशर यांची अभिक्रिया

आयोडीन आणि सल्फर डायऑक्साइड यांची पाण्याच्या उपस्थितीत होणारी अभिक्रिया रॉबर्ट बुन्सेन यांनी १८५३ मध्ये अनुमापनासाठी वापरली होती. ती शब्दांत अशी मांडता येईल :

आयोडीन + सल्फर डायऑक्साइड + २ पाणी → सल्फ्युरिक आम्ल + २ हायड्रोजन आयोडाइड

पाणी नसेल तर ही अभिक्रिया पुढे जात नाही. बुन्सेन यांना सल्फर डायऑक्साइड मोजावयाचा होता. पाणी त्यांच्यासाठी केवळ माध्यम होते. कार्ल फिशर (१९०१-१९५८) या जर्मन पेट्रोलियम रसायनशास्त्रज्ञांपुढील प्रश्न उलटा होता. द्रवरूप सल्फर डायऑक्साइडमधील पाण्याचे प्रमाण त्यांना हवे होते. अन्य सर्व घटक विपुल ठेवले आणि केवळ पाणी मर्यादित असले, तर खर्च झालेले आयोडीन हेच पाण्याचे माप ठरेल, हा विचार त्यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. (नोबेल पारितोषिक मिळविणारे एमिल फिशर आणि हान्स फिशर हे वेगळे. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत या तिघांची गल्लत होते म्हणून हा उल्लेख.)

फिशर यांच्या अभिकारकात आयोडीन, सल्फर डायऑक्साइड, पिरिडीन आणि मिथेनॉल होते. एका आयोडीन रेणूस दोन पाण्याचे रेणू, हे बुन्सेन यांचे गुणोत्तर त्यांनी गृहीत धरले होते. स्मिथ, ब्रायंट आणि मिचेल यांनी १९३९ मध्ये दाखवून दिले की मिथेनॉलच्या उपस्थितीत हे गुणोत्तर एकास एक असते. अभिक्रिया दोन टप्प्यांत होते. प्रथम मिथेनॉल, सल्फर डायऑक्साइड आणि आम्लारी यांच्यापासून मिथिल सल्फाइटचा क्षार बनतो. नंतर :

मिथिल सल्फाइट क्षार + आयोडीन + पाणी + २ आम्लारी → मिथिल सल्फेट क्षार + २ आम्लारी-हायड्रोआयोडाइड

म्हणजे मिथेनॉल हा केवळ विद्रावक नसून अभिक्रियेत भाग घेणारा घटक आहे. अल्कोहोलरहित विद्रावक वापरल्यास गुणोत्तर पुन्हा दोनास एकाकडे सरकते आणि उत्तर चुकते. पिरिडीनचे काम मात्र सामू योग्य पातळीवर राखण्यापुरतेच आहे, हे १९७० च्या दशकात फेर्हूफ आणि बारेंड्रेख्ट यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. त्यामुळे दुसरी आम्लारी वापरण्याचा मार्ग मोकळा झाला. १९८० च्या दशकात ऑयगेन शोल्त्स यांनी पिरिडीनऐवजी इमिडाझोल वापरणारे अभिकारक विकसित केले. पिरिडीनच्या उग्र, मळमळ आणणाऱ्या वासात ज्यांनी हे अनुमापन केले आहे, त्यांना या बदलाचे मोल वेगळे सांगावयास नको. सामू साधारण ५ ते ७ च्या दरम्यान असावा लागतो. त्याखाली अभिक्रिया मंदावते, ८ च्या वर आयोडीन इतर अभिक्रियांत खर्च होऊ लागते.

प्रत्यक्ष कृती

पदवीच्या प्रयोगशाळेत शिकविल्या जाणाऱ्या अनुमापनांत पाणी हे विद्रावक असते, त्याने नळी धुतली काय किंवा चंचुपात्रात थोडे अधिक पडले काय, उत्तर बदलत नाही. येथे पाणी हेच मोजावयाचे द्रव्य असल्यामुळे या सर्व सवयी मोडाव्या लागतात. धुतलेले काचपात्र भट्टीत वाळविल्याशिवाय वापरता येत नाही. अनुमापन पात्र बंद असते आणि आत येणारी हवा शोषक द्रव्याच्या नळीतून येते. अमरावतीत मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की निष्काळजीपणाही खपून जातो. ऑगस्टमध्ये तोच निष्काळजीपणा उत्तर बिघडवितो. शोषक नळीतील सिलिका जेलचा रंग पावसाळ्यात रोज पाहणे, हा या प्रयोगाचा अलिखित भाग आहे.

प्रथम पात्रात मिथेनॉलयुक्त विद्रावक घेऊन त्यातील मूळचे पाणी अभिकारक घालून संपविले जाते. अंत्यबिंदू पूर्वी पिवळ्यावरून तपकिरी होणाऱ्या रंगाने ओळखला जाई. आता प्लॅटिनमचे दोन विद्युतअग्र वापरतात. त्यांतून अल्पसा स्थिर प्रवाह सोडलेला असतो. पात्रात पाणी आहे तोवर मोकळे आयोडीन शिल्लक राहत नाही आणि प्रवाह टिकविण्यास अधिक विभवांतर लागते. पाणी संपताच पहिले जादा आयोडीन विद्रावात राहते आणि विभवांतर एकदम कोसळते. हाच अंत्यबिंदू.

त्यानंतर अभिकारकाची तीव्रता ठरवितात. त्यासाठी सोडियम टार्ट्रेट डायहायड्रेट सोयीचे, कारण त्यातील स्फटिकजल १५.६६ टक्के असून ते सामान्य हवेत स्थिर राहते. समजा, १५० मिलिग्रॅम टार्ट्रेट घेतले. त्यातील पाणी २३.४९ मिलिग्रॅम. त्यासाठी ४.७० मिलिलिटर अभिकारक लागला तर एका मिलिलिटरची ताकद जवळजवळ ५.०० मिलिग्रॅम पाणी एवढी झाली. आता सोयाबीनची ताजी दळलेली २०० मिलिग्रॅम भुकटी टाकली आणि ४.८२ मिलिलिटर अभिकारक लागला, तर पाणी २४.१ मिलिग्रॅम, म्हणजे १२.०५ टक्के.

या उत्तरातून एक छोटी वजावट करावी लागते. पात्र कितीही बंद असले तरी थोडी आर्द्रता आत झिरपतेच. नमुना टाकण्यापूर्वी हा झिरपा मोजला आणि तो मिनिटाला २० मायक्रोग्रॅम आढळला, अनुमापनास ५ मिनिटे लागली, तर ०.१ मिलिग्रॅम पाणी हवेचे आहे. उत्तर १२.०५ वरून १२.०० टक्क्यांवर येते. ही दुरुस्ती लहान आहे, परंतु जेथे मर्यादाच १२ टक्के आहे तेथे ती सोडून देता येत नाही.

घन पदार्थातील अडचणी

फिशर यांची पद्धत मुळात द्रवांसाठी निर्दोष आहे. दाणा किंवा धागा यांत पाणी आत अडकलेले असते आणि अभिकारक केवळ विद्रावात आलेल्या पाण्याशीच अभिक्रिया करतो. अंत्यबिंदू आला असे वाटते, थोड्या वेळाने विभवांतर पुन्हा चढते. आतले पाणी सावकाश बाहेर येत असते. उपाय तीन : नमुना बारीक दळणे, विद्रावकात फॉर्मामाइड मिसळणे, किंवा विद्रावक ५० अंशांपर्यंत गरम करणे. दळण्याचा उपाय दुधारी आहे. दळताना भुकटी तापते आणि पाणी गमावते. दमट दिवशी तीच भुकटी हवेतून पाणी घेते. कापूस तर दळणेही सोपे नाही, आणि सेल्युलोजच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधाने धरलेले पाणी मिथेनॉलमध्ये लवकर उतरत नाही. त्यासाठी नमुना बंद कुपीत तापवून निघालेली वाफ कोरड्या नायट्रोजनच्या प्रवाहाने अनुमापन पात्रात नेण्याची युक्ती वापरतात. कापसाच्या धाग्यासाठी अमेरिकेतील एएसटीएम संस्थेचे डी ७७८५ हे प्रमाण नेमके याच मार्गाचे आहे. भट्टी पाणी सोडविते, अनुमापन ते ओळखते. बाहेर पडलेल्या इतर वाफा आयोडीन वापरत नाहीत म्हणून मोजल्या जात नाहीत.

अभिक्रिया केवळ पाण्याशी होते, हे विधानही सापेक्षच. आयोडीनने ज्यांचे ऑक्सिडीकरण होते अशी द्रव्ये खोटे पाणी दाखवितात. आवळ्याच्या भुकटीतील क जीवनसत्त्व हे जवळचे उदाहरण आहे. त्याचा एक रेणू आयोडीनचा एक रेणू खातो; त्यामुळे १ ग्रॅम क जीवनसत्त्व सुमारे १०२ मिलिग्रॅम पाण्याइतके भासते. भुकटीत ते अर्धा टक्का असल्यास चूक ०.०५ टक्के, म्हणजे वर सांगितलेल्या झिरप्याएवढीच. अल्डिहाइड आणि कीटोन मिथेनॉलशी अभिक्रिया करून नवे पाणी तयार करतात. त्यांच्यासाठी मिथेनॉलरहित विशेष अभिकारक मिळतात. सोयाबीनच्या दाण्यात अशा द्रव्यांचा उपद्रव फारसा नाही. तेथे खरी अडचण पाणी बाहेर काढण्याची आहे.

अत्यल्प पाणी : विद्युतमितीय रूप

पाणी दशलक्षांश भागांत असेल तर ब्युरेट उपयोगाची नाही. १९५९ मध्ये मेयर आणि बॉइड यांनी आयोडीन बाहेरून न घालता पात्रातच आयोडाइडपासून विद्युतप्रवाहाने तयार करण्याची पद्धत मांडली. फॅरडे यांच्या नियमानुसार १ मिलिग्रॅम पाण्यासाठी १०.७१ कूलंब विद्युतभार लागतो. प्रमाण द्रवाने तीव्रता ठरविण्याची गरजच राहत नाही. अकोला जिल्ह्यातील पारससारख्या औष्णिक वीजकेंद्रांत आणि गावोगावच्या उपकेंद्रांत जी रोहित्रे असतात, त्यांच्या तेलातील पाणी याच पद्धतीने तपासले जाते, कारण अल्पशा पाण्यानेही तेलाची रोधकक्षमता घटते. १० ग्रॅम तेलात दशलक्षांश २० भाग पाणी म्हणजे ०.२ मिलिग्रॅम, आणि त्यासाठी २.१४ कूलंब. एवढे सूक्ष्म माप शेतमालाला लागत नाही. भारतीय मानक ब्युरोचे आयएस २३६२ हे प्रमाण कार्ल फिशर पद्धतीविषयी असून औषधनिर्मितीत भारतीय औषधसंहिताही ही पद्धत मान्य करते.

नमुन्याचा प्रश्न

बाजारात प्रत्येक ढिगापाशी कार्ल फिशर उपकरण ठेवावे, अशी सूचना उत्साहाच्या भरात केली जाते. ती व्यवहार्य नाही. मिथेनॉल विषारी व ज्वलनशील, अभिकारक महाग, आणि एका चाचणीस दळण्यासह अर्धा तास. या पद्धतीची जागा मापकाच्या मागे आहे : निरनिराळ्या ओलाव्याचे पाच-सात नमुने अनुमापनाने मोजून घ्यावेत आणि त्यांवर बाजारातील मापक हंगामाच्या सुरुवातीला तपासावा. हे काम करू शकतील अशी रसायनशास्त्राची मनुष्यशक्ती अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात आहे. उपकरणापेक्षा ती तयार करणे अधिक कठीण असते.

मात्र अचूक अनुमापनही चुकीच्या नमुन्याला वाचवू शकत नाही. वीस क्विंटलांच्या ट्रॉलीतून २०० मिलिग्रॅम भुकटी अनुमापनास घेतली जाते, म्हणजे एक कोटी भागांपैकी एक भाग. ट्रॉलीच्या वरच्या थराला ऊन लागलेले असते, मधला थर मळणीच्या वेळचा ओलावा धरून असतो, कडेचे कट्टे रात्रीच्या दवात भिजलेले असतात. एकाच जागेवरून मूठभर दाणे घेऊन केलेल्या दोन मापनांत जो फरक दिसतो, तो बहुधा यंत्राचा नसून ढिगाचा असतो. निरनिराळ्या खोलीवरून घेतलेले दाणे एकत्र करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन भाग ठेवण्याची जुनी रीत येथे अनुमापनाइतकीच महत्त्वाची ठरते. त्यानंतर नमुना लगेच घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरावा लागतो. कापडी पिशवीतून किंवा कागदाच्या पुडीतून ऑक्टोबरच्या दुपारी प्रयोगशाळेत पोहोचलेला नमुना वाटेतच वाळतो, आणि मग अनुमापन बाजारातील मालाचा ओलावा न सांगता पुडीतील मालाचा सांगते. म्हणून बाटलीवर नमुन्याच्या क्रमांकासोबत तो भरल्याची वेळ, ढिगाचे तापमान आणि त्याच क्षणी बाजारातील मापकाने दाखविलेला आकडा, या तीन नोंदी असाव्या लागतात. त्यांशिवाय प्रयोगशाळेतील १२.०० टक्के आणि बाजारातील १३ टक्के यांची तुलना करता येत नाही.